जुनी गळकाठी : ओळख आणि डागडुजी



काल याच व्यासपीठावरून वेदान्ताचा ऊहापोह झाला, उद्या अर्थकारण आहे, आणि मध्येच आमची ही मासे धरण्याची काठी! चालकांच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. विषय क्षुद्र वाटेल. पण ज्यांच्या माळ्यावर वडिलांची किंवा आजोबांची अशी एखादी काठी कापडी पिशवीत पडून असेल, त्यांना तो तसा वाटणार नाही. तिचे काय करावे, हाच आजचा प्रश्न आहे.

कोकणात गरवायला जाणारा माणूस बेटातला एक बांबू तोडतो, त्याला दोरी आणि गरी बांधतो आणि खाडीवर जाऊन बसतो. आम्ही बोलणार आहोत ती काठी निराळी. ती बांबूचीच, परंतु बांबू चिरून त्याच्या सहा कामट्या काढायच्या, प्रत्येक तासून त्रिकोणी करायची आणि सहाही सरसाने एकत्र चिकटवायच्या. त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, म्हणून साहाजणी मिळून भरीव षट्कोन होतो. बांबूचे बळ त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. आतला गर नुसता भरताड. या रचनेत गर निघून जातो आणि बळकट पाठ सर्व बाजूंनी बाहेर राहते. एकाच जागी गाठी येऊन काठी दुबळी होऊ नये म्हणून त्याही मागेपुढे सरकवतात. आमच्या बुरुडांनी हे पाहिले तर ते मान डोलावतील, असे आम्हांला नेहमी वाटते.

ही युक्ती अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिप या बंदूक-कारागिराने 1840 च्या दशकात पुढे नेली, असे सामान्यतः मानतात. पुढे हायरम लेनर्डने कामट्या तासण्याचे यंत्र केले. इंग्लंडात अ‍ॅनिक येथे 1872 मध्ये हार्डी बंधूंचे दुकान निघाले आणि त्यांच्या 'पॅलाकोना' काठ्या साम्राज्यभर गेल्या. गंमत अशी, की या विलायती काठ्यांचा आरंभीचा बांबू आपल्याच कलकत्ता बंदरातून जाई, आणि त्याच्या अंगावर पुष्कळदा भाजल्याचे काळे डाग असत. नंतर दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांताचा 'टोंकिन' बांबू सरस ठरला. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, त्याच सुमारास काचतंतूची काठी स्वस्तात मिळू लागली, आणि बांबूचा जमाना आटोपला.

आपल्याकडे या काठ्या आल्या त्या महसीर माशापायी. कर्नल साइक्सने पुण्याजवळ मुळामुठेतल्या महसीरचे वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे 'खुद्री' हे नाव शास्त्रात आजही आहे. एच. एस. टॉमसचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 चे. साहेब गेले, पण काही काठ्या मागे राहिल्या आणि फिरत फिरत जुन्या बाजारात आल्या.

आता ओळख. प्रथम काठीचे सर्व तुकडे शेजारी ठेवून मापा. बहुतेक चांगल्या काठ्यांचे तुकडे सारख्या लांबीचे असतात. एखादे शेंडे दोन बोटे आखूड भरले तर ते कधीतरी मोडले आहे, असे बेलाशक समजावे. मग दोऱ्याचे बंध पाहा. काठीभर थोड्याथोड्या अंतरावर वेढे असले तर काठी बहुधा जुनी, कारण त्या काळी सरसावर भरवसा नव्हता. दोरी ज्या कड्यांतून जाते त्यांपैकी मुठीजवळच्या आणि शेंड्याच्या कडीत अकीक बसवलेला असला तर काम मोलाचे. मुठीच्या टोकाची धातूची टोपी आणि मुठीच्या वरची सपाटी भिंगाने तपासा; कर्त्याचे नाव तेथेच कोरलेले किंवा शाईने लिहिलेले असते. लाकडी पेटीतला झगझगीत संच पाहून मात्र हुरळून जाऊ नका. महायुद्धानंतर जपानने असे संच ढिगांनी विकले. पेटी देखणी, काठी सामान्य.

शाईचा विषय निघाला म्हणून एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या वडिलांची काठी आमच्याकडे दिली. रोगण काळवंडले होते, त्यावर बारीक काळे ठिपके होते. आम्ही उत्साहाच्या भरात काचकागद घेतला आणि दोन दिवसांत काठी आरशासारखी केली. गृहस्थ आले, काठी हाती घेतली, मुठीपासून शेंड्यापर्यंत बोट फिरवले आणि म्हणाले, "नाना इथं लिहीत असत. कुठल्या डोहात, किती पौंडाचा." आम्ही ज्यांना ठिपके समजलो ती त्यांच्या वडिलांची अक्षरे होती. ते रागावले नाहीत. मजुरीसुद्धा देऊ लागले. काठी पिशवीत घालून गेले, आणि आम्ही कितीतरी वेळ हातातला काचकागद पाहत बसलो. शिवाय सालीलगतचे तंतू घासले म्हणजे काठीचे बळच घासले; म्हणजे आम्ही दोन्हीकडून नुकसान केले होते.

तेव्हापासून आमचा क्रम ठरून गेला आहे. प्रथम ओल्या फडक्याने पुसणे, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबणे. तुकडे जोडणारी जर्मन सिल्व्हरची नर-मादी नळी अडकली तर पिळायची नाही. सहा कामट्यांचा सांधा उकलतो. काठी गुडघ्यांच्या मागे धरावी, हात गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूंस ठेवावेत आणि गुडघे फाकवून सरळ ओढ द्यावी. किंचित वाक आलेला तुकडा मंद उष्णतेवर फिरवून हलक्या हाताने सरळ करता येतो. परंतु जुना सरस उष्णतेने सुटतो, म्हणून धीर हवा. सुटलेला रेशमी बंध नवा घालावा, पण आधी जुन्याचा रंग आणि वेढे टिपून ठेवावेत. कोरे रेशीम रोगण लागताच पारदर्शक होते आणि रंग हरवतो. तो राहावा असे वाटत असेल तर आधी रंगरक्षक द्रावण लावावे लागते. बुचाच्या मुठीवरचा हाताचा डाग आम्ही काढत नाही. गिऱ्हाइके रुसतात, रुसोत.

काठी पुन्हा नदीवर न्यावी की भिंतीवर टांगावी, यावर आमच्या मंडळींत कडाक्याचे वाद होतात. आमचे मत असे : कामट्या कोठे सुटलेल्या नसतील आणि सांधा घट्ट असेल तर न्यावी, लहान माशांसाठी न्यावी. महसीर सापडलाच तर सोडून द्यावा. तो आता दुर्मिळ झाला आहे आणि लोणावळ्याला टाटांनी त्याची पिले वाढवून धरणांत सोडण्याचा खटाटोप केला तो काही आमच्या कढईसाठी नव्हे. घरी आल्यावर काठी पुसून, पूर्ण वाळवून, पिशवीत उभी टांगावी. ओली काठी धातूच्या नळकांड्यात कोंबून पावसाळाभर ठेवणाऱ्याला काय म्हणावे, ते या सभेत उच्चारता येत नाही.

असो. वेळ संपत आली. एक काठी येथे अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आहे. एका मुलाने आजोबांची म्हणून ती आणली, आणि येत्या रविवारी तो ती परत नेणार आहे. आम्ही तिचे तीन बंध नवे घातले, बाकी काही केलेले नाही. ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पुढे यावे. मुठीच्या वर भिंगाखाली काही अक्षरे दिसतात, ती आम्हांला अजून लागलेली नाहीत. मात्र सांधा कोणी पिळू नये.