डोळ्याबद्दल डोळा : सूड कीं माप ?



'डोळ्याबद्दल डोळा' हे दोन शब्द, ज्यानें बायबल कधीं उघडलें नाहीं, त्यालाहि ठाऊक असतात. आपल्याकडील 'जशास तसें' हाच त्यांचा अर्थ समजला जातो. या न्यायानें चाललें तर सारें जग आंधळें होईल, असें त्यावरील एक उत्तरहि गांधीजींच्या नांवावर सांगितलें जातें. तें त्यांच्या लेखनांत कोठें आहे, हें अभ्यासकांना दाखवितां आलेलें नाहीं. पण उत्तर इतकें पटण्यासारखें आहे कीं, मूळ वचन रानटीच असलें पाहिजे असें आपण निमूटपणें धरून चालतों. तें खरोखर तसें होतें काय, एवढाच प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

जुन्या करारांत हें वचन तीन ठिकाणीं येतें : 'निर्गम' ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायांत, 'लेवीय' ग्रंथाच्या चोविसाव्यांत आणि 'अनुवाद' ग्रंथाच्या एकोणिसाव्यांत. पैकीं पहिल्या व तिसऱ्या ठिकाणीं न्यायाधीशांचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे मार खाल्लेल्यानें स्वतः उठून सूड घ्यावा अशी ही परवानगी नव्हे. निवाडा करणाराच्या हातीं दिलेलें हें माप आहे. मापाची गरज कां पडली, हें त्याच बायबलांतील लामेखाच्या कथेवरून कळतें. एका तरुणानें आपणांस जखम केली म्हणून त्याला ठार मारल्याची हा लामेख आपल्या बायकांजवळ फुशारकी मारतो, आणि माझा सूड सत्याहत्तर पटींनीं घेतला जाईल असें बजावतो. शाळेच्या वर्गांत ज्यानें चार वर्षें काढलीं आहेत, त्याला ही वृत्ति अपरिचित नाहीं. चिमट्याला उत्तर चिमट्यानें क्वचित् मिळतें. बहुधा तें बुक्कीनें मिळतें, आणि बुक्कीला दगडानें. अशा जगांत 'डोळ्याबद्दल डोळा' याचा अर्थ 'एका डोळ्याबद्दल एकच डोळा, अधिक नाहीं' असा होतो. तो लगाम होता, चाबूक नव्हे.

इ. स. १९०१-०२ च्या हिंवाळ्यांत इराणमधील सूसा येथें फ्रेंच संशोधकांना एक काळा कोरीव स्तंभ सांपडला. तो आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांत आहे. त्यावर ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकांतील बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे आहेत. डोळ्याबद्दल डोळा तेथेंहि आहे. पण तो बड्या माणसाचा डोळा गेला तरच! सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मिना, म्हणजे सुमारें अर्धा किलो, चांदी देऊन सुटका होई. आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या किंमतीच्या निम्मी रक्कम पुरे. आपल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतहि शिवीगाळीचा दंड बोलणाराचा व ऐकणाराचा वर्ण पाहून ठरतो, हें येथें आठविल्यावांचून राहत नाहीं.

पुढें १९४५ व १९४७ सालीं बगदादजवळ एश्नुन्ना राज्याच्या कायद्याच्या विटा हातीं आल्या. हे कायदे हम्मुराबीच्या थोडे आधींचे. त्यांत डोळ्याला एक मिना, दाताला अर्धा मिना, आणि थोबाडीत मारल्यास दहा शेकेल म्हणजे मिन्याचा सहावा भाग, असा चांदीचा दर लावलेला आहे. मनुष्यजात आधीं सूड घेत होती व सुधारल्यावर दंडावर आली, हा तोंवरचा समज या विटांनीं डळमळीत केला. दंड आधीं आणि डोळ्याबद्दल डोळा नंतर, हें कसें ? कांहीं विद्वानांनीं याचें उत्तर असें दिलें कीं, श्रीमंताला दंड म्हणजे शिक्षाच नव्हे. रोमन ग्रंथकार गेलिअस यानें लूसिअस वेरातिअस नांवाच्या एका धनिकाची हकीगत दिली आहे. रस्त्यांत भेटेल त्याच्या थोबाडीत मारण्याचा याला छंद. मागून थैली घेतलेला गुलाम चाले, आणि कायद्यानें ठरलेलीं पंचवीस नाणीं तेथल्या तेथें मोजून देई ! माणसाचें शरीर पैशानें विकत घेतां येत नाहीं, असें बजावण्याची गरज अशा थैलीवाल्यांमुळेंच पडत असावी.

या पार्श्वभूमीवर बायबलांतील वचनाचे शेजारी पाहावे. निर्गमांत लगेच पुढें सांगितलें आहे कीं, धन्यानें गुलामाचा डोळा फोडला, फार काय, दात पाडला, तरी त्याला मुक्त केलें पाहिजे. भरपाई येथें त्या गुलामालाच मिळते. लेवीयांत त्याच प्रकरणीं परक्याला व देशवासीयाला एकच कायदा सांगितला आहे. गुलामगिरी त्या धर्मशास्त्रानें ठेवली, हें झांकण्याचें कारण नाहीं. पण डोळा कोणाचा, हें विचारण्याची संवय तेथें सुटूं लागली होती.

यहुदी धर्मपंडितांनीं तर या वचनाचा अर्थ भरपाई असाच ठरविला. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेलें काम आणि अपमान अशीं भरपाईचीं पांच कलमें आहेत. आपल्याकडील मोटार-अपघाताच्या न्यायाधिकरणापुढें ज्यांनीं दावा लावला असेल, त्यांना यांतलीं बहुतेक ओळखीचीं वाटतील ! पंडितांचा युक्तिवादहि मार्मिक होता. आंधळ्यानें दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचें काय काढावयाचें ? आणि खुन्याकडून खंडणी घेऊं नये असें शास्त्र म्हणतें, त्या अर्थीं अवयवाबद्दल ती घेतां येते. येशूनें याच वचनाचें नांव घेऊन दुसरा गाल पुढें करण्यास सांगितलें. तो उपदेश न्यायाधीशाला आहे कीं मार खाल्लेल्याला, यावर आजहि वाद चालतो. मला तो दुसऱ्यास उद्देशून वाटतो. कारण दुसऱ्याच्या गालावर क्षमा करण्याचा अधिकार न्यायाधीशाला कोठून येणार?

हा प्रश्न केवळ पोथींतला नाहीं. इराणमध्यें २००४ सालीं लग्नास नकार दिल्यामुळें एका तरुणीच्या तोंडावर ॲसिड टाकण्यांत आलें व तिचे दोन्ही डोळे गेले. तिच्या मागणीवरून, अपराध्याच्या डोळ्यांत ॲसिडचे थेंब टाकावे, असा निकाल २००८ सालीं न्यायालयानें दिला. मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थांनीं त्यास विरोध केला. ३१ जुलै २०११ रोजीं शिक्षेची सर्व सिद्धता झाली असतां त्या स्त्रीनेंच त्याला क्षमा केली. क्षमा थोर खरी. पण तिची मागणी ऐकून तिला क्रूर म्हणण्यापूर्वीं, आपल्या दोन डोळ्यांचें मोल कोणी तरी पुरतेपणीं मानावें, हेंच ती मागत नव्हती काय, हें मनाशीं विचारावें.

१० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें संमत झालेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचें पांचवें कलम क्रूर शिक्षा निषिद्ध ठरवितें, आणि सातवें कलम सर्वांना कायद्यापुढें समान मानतें. माझ्या मतें या दोन कलमांनीं त्या जुन्या वचनाचे दोन भाग वेगळे केले. डोळा काढण्याचा भाग टाकून दिला. एकाचा डोळा दुसऱ्याच्या डोळ्याइतकाच मोलाचा, हा भाग ठेवला. पहिला भाग टाकल्याचा अभिमान आपण सर्वच बाळगतों. दुसरा आपण कितपत पाळतों, याचा हिशेब मात्र, कोणाच्या घरचा माणूस जखमी झाला आहे हें कळण्याच्या आधीं प्रत्येकानें मांडून पाहावा. कळल्यावर मांडलेला हिशेब हम्मुराबीचा असतो.