दाखला आणि हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलगी बारावी झाली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "एमएस-सीआयटी झाली का?" पूर्वी हाच प्रश्न टाइपरायटिंगच्या परीक्षेबद्दल विचारीत असत. यंत्र बदलले, प्रश्न तोच राहिला! म्हणून या दाखल्याविषयी चार शब्द बोलते.

हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. शिकवण्याची व्यवस्था महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची. परीक्षा व दाखला महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा. तो मराठीतूनही शिकता येतो. सरकारी नोकरीच्या कित्येक जाहिरातींत या दाखल्याची अट असते. तेव्हा त्याचे मोल आहेच. पण दाखला हा साक्षीदार आहे. ज्याची साक्ष द्यायची, ते काम हाताला यावयास नको का?

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. पती निवर्तल्यावर त्यांना अनुकंपेवर कारकुनाची जागा मिळाली. दाखला होता, परंतु वर्गातला सराव बहुतेक भाच्यानेच करून दिलेला. कचेरीत खर्चाचा तक्ता करावयास सांगितला. बाईंनी बेरजा कागदावर केल्या आणि आकडे संगणकात भरले. एक रक्कम बदलली, की सगळ्या बेरजा पुन्हा! सूत्र घातले तर बेरीज आपोआप बदलते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. घरी येऊन त्या रडल्या. मग मात्र रोज रात्री मुलीजवळ बसून त्यांनी पहिल्यापासून सारे गिरवले. आज शेजारच्या टेबलावरचे लोक अडले म्हणजे त्यांनाच विचारतात.

आणखी एक गोष्ट. संगणकांची जाळी जोडणाऱ्यांसाठी सिस्को कंपनीचा सीसीएनए नावाचा दाखला असतो. त्याची मुदत तीनच वर्षे! पुढे तो नव्याने सिद्ध करावा लागतो. कारण ही विद्या शिळी होते. आपल्या दाखल्यावर मुदत नसली, तरी सराव सुटला की हात विसरतातच.

म्हणून माझी एक सूचना आहे. दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत दोन तास संगणकावर बसू या. जिला येते तिने शिकवावे. मात्र शेजारणीच्या हातातला माऊस कोणी काढून घेऊ नये. तिला चुकू द्यावे, पुन्हा करू द्यावे. दाखला तिच्या नावाचा आहे. हातही तिचाच चालला पाहिजे.