प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा



विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा होता. त्याचे धनी विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. शाळेतील मुलाला शिकवावे त्याच चिकाटीने त्यांनी हान्सला अंक शिकविले. बेरीज विचारली की हान्स उत्तराइतक्या वेळा खूर आपटी व नेमका थांबे. पाहावयास येणाऱ्यांकडून ओस्टेन पैसा घेत नसत. १९०४ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखालील समितीने पाहणी केली. तीत कोणतीही लबाडी आढळली नाही. परंतु लबाडी नाही, एवढ्यावरून घोड्याला गणित येते असे सिद्ध होत नाही.

पुढील शोध श्टुम्फ यांचे सहकारी ओस्कार प्फुंग्स्ट यांनी घेतला व १९०७ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. घोडा तोच, प्रश्नाचा प्रकार तोच. बदलावयाची गोष्ट एकच. विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक आहे की नाही? अंक लिहिलेली पत्रे कधी विचारणाऱ्याने स्वतः पाहून दाखवावयाची, कधी न पाहता केवळ घोड्यापुढे धरावयाची. पहिल्या प्रकारात शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. दुसऱ्यात शेकडा ८. ज्या एका गोष्टीचा परिणाम तपासावयाचा तिला शास्त्रात स्वतंत्र चल म्हणतात. बाकीच्या गोष्टी स्थिर राखणे हे नियंत्रण. नियंत्रण नसते, तर हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच बोलता आले नसते.

मग उत्तर घोड्यापर्यंत पोहोचे कसे? विचारणारा माणूस दिसेनासा झाला की हान्स गोंधळे. बारकाईने पाहता असे आढळले, की प्रश्न विचारून होताच माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित वाके आणि योग्य संख्या येताच त्याचे डोके नकळत जरासे वर उचलले जाई. स्वतः ओस्टेन यांनाही याची जाणीव नव्हती. प्फुंग्स्ट यांनी प्रश्न न विचारता मुद्दाम तशाच हालचाली केल्या आणि हान्स खूर आपटू लागला. नंतर त्यांनी घोड्याची भूमिका स्वतःकडे घेतली व २५ व्यक्तींची उत्तरे हाताने ठोकून दिली. त्यांपैकी २३ जणांच्या डोक्याने नकळत तीच खूण केली. घोड्याची थोरवी यात कमी होत नाही. माणसांना जे दिसत नव्हते ते त्याला दिसत होते.

हा दोष घोड्यापुरताच नाही. १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थल व केरमिट फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना आपले उंदीर हुशार वंशाचे व काहींना मंद वंशाचे असल्याचे सांगितले. वस्तुतः वाटप चिठ्ठ्या टाकावी तसे केले होते. 'हुशार' उंदरांचीच प्रगती अधिक दिसली. १९६८ साली रोझेन्थल व लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेविषयी असाच निष्कर्ष मांडला. त्याचा गाजावाजा फार झाला; तो मात्र जपून घ्यावा. फरक मुख्यतः पहिल्या दोन इयत्तांत होता आणि तेथील चाचणीवरच आक्षेप आले. पुढे १९८४ साली स्टीफन रॉडनबुश यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा शिक्षकांची मुलांशी दोन आठवड्यांहून अधिक ओळख असल्यास हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो असे दिसले.

आता पहिलीचा वर्ग पाहावा. "सात आणि पाच किती?" मूल म्हणते, "अकरा..." गुरुजींच्या भुवया आकसतात. "बारा!" गुरुजींचा चेहरा खुलतो आणि नोंदवहीत 'येते' अशी खूण पडते. या मुलाने शिकले ते गुरुजींचा चेहरा वाचणे; बेरीज राहिलीच. तिसरीत हातच्याची उदाहरणे अडतात, तेव्हा दोष मुलाच्या डोक्याला लागतो. उलट, ज्याला अगोदरच 'ढ' ठरविले त्याच्या उत्तराची वाट पाहिली जात नाही, आणि त्याला येत असलेलेही नोंदीत येत नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. अंकपत्रे पालथी ठेवावीत. एका मुलाने दोन उचलून दुसऱ्यास दाखवावीत व शिक्षकाने ती पाहू नयेत. उत्तर पाटीवर लिहून पाटी पालथी करावी, वरची पत्रे तशीच तिच्याशेजारी राहू द्यावीत आणि मग पडताळा घ्यावा. द्विशिक्षकी शाळेत एकाच्या वर्गाच्या पाट्या दुसऱ्याने तपासाव्यात. पाटीच्या मागे नावाऐवजी खडूची खूण असावी, आणि कोणती खूण कोणाची हे गुण मांडून झाल्यावरच उघड करावे.