दहा मिनिटांत बरा झालेला हात

(विश्रामबाग, सांगली येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आरोग्यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी एकच अवयव मागून घेतला: मान. मिरजेतले आमचे एक मामू आहेत. एका सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप सुटला, जीभ अडखळली. दहा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं झालं. मामी म्हणाल्या, दाखवून येऊ. मामू म्हणाले, "गॅस असंल." घरात लग्न होतं. नवव्या दिवशी फजरच्या वेळी वुजू करताना ते कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आज ते फक्त "हां" म्हणतात, कुठल्याही प्रश्नाला.

मानेच्या डोपलर सोनोग्राफीत त्यांची डावी धमनी 70 टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली. त्याच महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची एका बाजूची धमनी पूर्ण बंद होती, शंभर टक्के. आणि ते स्कूटर चालवत आले होते.

हे कसं? नळी जितकी बारीक तितका लकवा मोठा, असं आपल्याला वाटतं. हिशेब इतका सरळ नाही.

तुमच्यापैकी तासगाव-मिरज भागातले जे द्राक्षबागेत काम करतात त्यांना ड्रिप माहीत आहे. नळीत आतून क्षार साचतो. नळी अरुंद झाली तरी पाणी बराच काळ येत राहतं. खरा घोटाळा होतो तो क्षाराची खपली सुटून पुढे ड्रिपरमध्ये अडकते तेव्हा. मानेतही तसंच. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. त्याचं वरचं आवरण फाटलं की तिथे रक्ताची गुठळी धरते, ती सुटते आणि मेंदूतल्या बारीक नळीत जाऊन बसते. गुठळी केवढी आणि कुठल्या फांदीत अडकली, यावर झटक्याचं वजन ठरतं. डाव्या मेंदूत अडकली तर उजवं अंग जातं, आणि बहुतेकांचं बोलणंही तिथेच असतं.

दुसरी गोष्ट आडवाटांची. मेंदूच्या बुडाशी धमन्यांचं एक वर्तुळ आहे. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1664 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. एक बाजू हळूहळू, वर्षानुवर्षे बंद होत गेली तर दुसऱ्या बाजूचं रक्त या वर्तुळातून तिकडे वळतं. स्कूटरवाल्या गृहस्थांना त्यानंच वाचवलं. पण हे वर्तुळ सगळ्यांचं पूर्ण नसतं, आणि अचानक गुठळी आली तर आडवाट मोठी व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून "शेजाऱ्याची नस पूर्ण बंद आहे, तरी तो ठणठणीत आहे" हा दिलासा घेऊ नका.

मग टक्क्यांना अर्थच नाही का? आहे, आणि सगळ्यात जास्त मामूंसारख्यांसाठी. 1991 साली उत्तर अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना असा छोटा झटका येऊन गेला होता आणि धमनी 70 ते 99 टक्के अरुंद होती, त्यांच्यात नुसत्या औषधांवर दोन वर्षांत 100 पैकी 26 जणांना त्याच बाजूचा लकवा आला. धमनी उघडून साफ केलेल्यांत 9 जणांना. हा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वात जास्त मिळतो. मामूंचे नऊ दिवस त्यातलेच होते. 50 टक्क्यांच्या खाली मात्र या ऑपरेशनचा उपयोग नाही, आणि पूर्ण बंद झालेली नळी उघडत नाहीत. काहीच त्रास नसताना उगाच मानेची सोनोग्राफी करत सुटायचीही गरज नाही. पॅकेज विकणारे सांगतील, तुम्ही आधी डॉक्टरांशी बोला.

सगळेच लकवे मानेतून येत नाहीत, हेही सांगतो. काही हृदयातल्या गुठळीने, काही मेंदूच्या आतल्याच नळ्यांमुळे (आपल्या आशियाई लोकांत हे प्रमाण जास्त), काही रक्तस्रावाने. म्हणूनच सीटी स्कॅनआधी घरी ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर तीच गोळी उलटते. आणि कबुतराचं रक्त चोळण्यात जो तास जातो, तो परत मिळत नाही. मोठी नळी बंद असताना दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून चेहरा वाकडा, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला की घड्याळ बघा, 108 ला फोन लावा. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वात जास्त असतो. 1894 पासून ज्या मिरजेत लोक लांबून उपचाराला येतात, तिथल्याच माणसाने नऊ दिवस काढावेत याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही तरुण आहात, तुमच्या नळ्या अजून स्वच्छ असतील. तरी एक विचारतो: केस कापल्यावर खुर्चीत मान कोण कोण मोडून घेतं? ... बरेच हात दिसतायत. त्या झटक्याने धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, आणि तरुणांतल्या लकव्याचं ते एक कारण आहे. डोक्याला तेल लावून घ्या, मान मोडू देऊ नका.

बाकी कारणं घरातच आहेत: बीपी, साखर, बिडी-सिगारेट. आणि अम्मीची मिश्री. तिला आपण तंबाखू समजतच नाही, पण आहे तंबाखूच. रमजानमध्ये बीपीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणारे दरवर्षी माझ्याकडे येतात. रोजे लागायच्या आधी डॉक्टरांना भेटा, बहुतेकांच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारच्या वेळेत बसवता येतात.

मागच्या टेबलावर बीपीचं मशीन ठेवलंय. चहा उकळेपर्यंत प्रत्येकाने मोजून घ्या, आणि जाताना मशीन वापरायचं कसं ते शिकून घ्या. घरी गेल्यावर अब्बांचं मोजायचंय.