भाव कळायला नोंदणी कशाला?



आम्ही कापूस-ज्वारीवाले आज रत्नागिरीत, आंबेवाल्यांच्या दारात बोलतोय. सातबारा दोघांचा सारखाच. महाभूलेखावर बिनसहीचा उतारा फुकट दिसतो; सहीच्या उताऱ्याला खातं आणि १५ रुपये.

२०२५ साली सीसीआयला कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. ठीक आहे, पैसे बँकेत यायचे होते. पण तेव्हा लांब धाग्याला हमीभाव ८११० रुपये, ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात, एवढं कळायला नोंदणी कशाला? व्यापाऱ्याला आकडा पाठ आणि आम्ही पासवर्ड शोधत बसलो, तर सौदा तिथंच बुडाला.

आपल्या संघटनेनंही सभासद-बिगरसभासद न बघता रोजचा भाव चावडीच्या फळ्यावर लिहावा. वर्गणी नंतर मागू. खडू आम्ही देतो.