पात्र काय करते ते पाहा
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



दरवर्षी या समारंभात आम्ही गुणवंत विद्यार्थ्यांना पुस्तक भेट देतो. हार संध्याकाळपर्यंत कोमेजतो, पुस्तक घरात राहते, म्हणून ही प्रथा. ही पुस्तके घरात राहतात खरी, परंतु त्यांतील बरीचशी उघडलीच जात नाहीत, आणि जी वाचली जातात ती परीक्षेपुरती. आमच्या रविवारच्या वाचनवर्गात ‘फकिराचे स्वभावचित्र रेखाटा’ असे म्हटले की मुले धडाधड सांगतात : शूर, स्वाभिमानी, दयाळू, बाणेदार. ही विशेषणे खोटी नाहीत. पण तीच विशेषणे दुसऱ्या कुठल्याही नायकाला चिकटवली तर तिथेही चालतील. मग फकिरा वाचून आपल्या पदरात काय पडले? म्हणून पात्रावरून पुस्तकाचा अर्थ कसा ओळखावा, याविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही ठरवले.

सुरुवात एका विद्यार्थ्यापासूनच करू. त्याचे नाव भीमराव. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी लहानपणची एक आठवण नोंदवली आहे. वडील रामजीबाबा कबीरपंथी. ते मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. भीमरावांनी विचारले की हे ग्रंथ आम्ही का वाचायचे? रामजीबाबांचे म्हणणे असे की आपण अस्पृश्य, तेव्हा मुलांच्या मनात न्यूनगंड येण्याची भीती. द्रोण, कर्ण ही सामान्य स्थितीतून मोठी झालेली माणसे. त्यांच्याकडे पाहून धीर येतो. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म आणि द्रोण बोलतात एक, करतात दुसरे, असे त्याने वडिलांना तोंडावर सांगितले. रामाने शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी केलेले वर्तनही त्याला पटले नव्हते. त्याआधी एका सत्कार समारंभात दादा केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. ते वाचून हा मुलगा भारावून गेला होता, आणि वडिलांनी या साहित्याची ओळख आम्हांला का करून दिली नाही, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला होता.

मित्रहो, इथे दोन वाचक आहेत आणि दोघेही आदरास पात्र आहेत. बापाने पाहिले ते पात्र कुठून कुठे पोहोचले. आपल्या लेकरांची काळजी वाहणारा बाप हेच पाहणार. मुलाने पाहिले ते पात्र पेचात सापडल्यावर कसे वागले. ग्रंथ थोर, म्हणून त्यातील माणूस थोर, हे त्याने मानले नाही. आम्हांला आज एवढेच सांगायचे आहे की पात्राचा अर्थ त्याच्या विशेषणांत नसतो. अवघड वेळी ते काय करते आणि त्याची किंमत कोण मोजतो, यात असतो.

आता पुन्हा फकिराकडे वळू. अण्णाभाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ साली आली. दुष्काळ पडला आहे, माणसे भुकेने मरत आहेत. फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो. इथवर तो शूर आहेच. परंतु सरकार त्याच्या माणसांना कोंडून धरते, तेव्हा हाती तलवार आणि खाली घोडा असलेला हा माणूस आपण होऊन सरकारच्या स्वाधीन होतो. शरणागती ही सहसा भ्याडपणाची खूण. इथे तीच शौर्याची खूण ठरते, कारण त्यामागे आपल्या लोकांचा जीव आहे. लुटीच्या वेळीही त्याच्यापुढे तेच लोक होते. ही एक गोष्ट ध्यानात आली की सबंध कादंबरीचे आशयसूत्र हाती लागते. अर्पणपत्रिकाही पाहा. तलवारीच्या पराक्रमाची ही गोष्ट अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पहिले पान उलटून पुढे जाणाऱ्याला हे दिसत नाही.

दुसरे उदाहरण बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचे. याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. कथेतील ‘मी’ रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. लोक त्याला मान देतात. त्याच ठिकाणी काशीनाथ नावाचा आपल्याच समाजातला कामगार आहे. तो काही लपवत नाही, भांडतो, अपमान सोसतो. शेवटी ‘मी’ची जात उघडी पडते, जमाव त्याला बदडतो आणि काशीनाथ धावून येऊन त्याला सोडवतो. मार खाल्लेला ‘मी’ मारणाऱ्यांना दोष देत नाही. आपल्याला मनूने मारले, असे त्याचे म्हणणे. गाइडमध्ये विचारतील, नायक कोण? आम्ही म्हणतो, दोघांना शेजारी शेजारी उभे करा. एकाचे लपवणे आणि दुसऱ्याचे न लपवणे यांच्यामध्ये कथेचा अर्थ उभा आहे.

ही कथा आमच्या वर्गात मोठ्याने वाचली, त्या दिवशीची गोष्ट सांगतो. सांगायला त्या मुलाची परवानगी आहे. शहरात इंजिनिअरिंगला असलेला, सुटीत आलेला, एरवी सर्वांत जास्त बोलणारा हा मुलगा त्या दिवशी गप्प होता. चहाच्या वेळी न सांगता उठून गेला. पंधरा दिवसांनी आला आणि म्हणाला, “दादा, मी खोलीमालकाला दुसरं आडनाव सांगितलंय. दोन वर्षं झाली. आई भेटायला येते तेव्हा तिला एस.टी. स्टँडवरच भेटतो, तिथूनच परत पाठवतो. त्या गोष्टीत मी कोण?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. खोली सोड, असे म्हणणे आम्हांला सोपे होते. परक्या शहरात रस्त्यावर यायची वेळ त्याच्यावर येणार होती. जात चोरावी लागते यात चोर कोण, हा बागुलांचाच प्रश्न आहे. आम्ही एवढेच म्हणालो की आता कथा पुन्हा वाच, पण काशीनाथवर नजर ठेवून वाच. जाताना तो वाचनालयातून तो संग्रह घेऊन गेला. परवा पुस्तक परत करायला आला तेव्हा म्हणाला, या वेळी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं नाही, टेबलावर उघडंच ठेवलं होतं. याआधी तो आपली पुस्तके कव्हर घालून ठेवीत असे, हे आम्हांला तेव्हा कळले. खोलीचे पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही.

तिसरी गोष्ट मोठ्या माणसांसाठी. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण शिकून पुढे गेलेला ऐकतो आहे आणि मागे राहिलेला बोलतो आहे. ही नुसती लिहिण्याची तऱ्हा नव्हे. शिकलेला माणूस स्वतःपासून कसा तुटतो, हाच त्या पुस्तकाचा विषय आहे. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) तर नाव वाचतानाच कळते की ही एकटीची कहाणी नाही. पतीपासून वह्या लपवून, वर्षानुवर्षे लिहिलेले हे पुस्तक. गावाने वाड्यावर केलेला जुलूम त्यात आहे, आणि वाड्यातल्या घराघरांत सासुरवाशिणींचा झालेला छळही आहे. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात खोडा घालीत, तेही बेबीताईंनी लिहून ठेवले. २०१२ साली त्या गेल्या.

हे वाचून आपल्यातलेच काही जण म्हणतात, घरचे उणे चारचौघांत कशाला? आमचे नम्र उत्तर असे की ‘आम्ही’ म्हटल्यावर त्यात मार खाणारे जसे आले तसे मारणारेही आले. गावाचा अन्याय वाचताना मान डोलवायची आणि स्वतःच्या ओसरीवरचा अन्याय आला की पान उलटायचे, हे अर्धे वाचन झाले. लहानग्या भीमरावाने थोरांचीही चूक ओळखली, तीच नजर आपल्याकडेही वळवावी लागेल.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आज मिळालेले पुस्तक उघडाल तेव्हा गाइड बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. हे पात्र अवघड वेळी काय करते? ते काय लपवते आणि कोणापासून? त्याच्या वागण्याची किंमत कोण मोजतो? उत्तरे वहीत आपल्या शब्दांत लिहा. त्या मुलाने विचारलेला चौथा प्रश्न आम्ही शिकवू शकत नाही. तो वाचता वाचता आपोआप पुढे येतो. आला तर घाबरू नका. रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालय उघडे असते, तिथे या. आपण मिळून पुन्हा वाचू.

 जय भीम.