पिझ्झा, लेक आणि लीलावती
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले छोटेसे भाषण)



मागे एकदा लेकीने विचारलं, "बाबा, १२ इंची दोन पिझ्झे मागवूया की १८ इंची एक?" मी ऐटीत म्हटलं, "दोन!" तिने वहीत 'पाय आर स्क्वेअर' केलं. दोन मिळून २२६ चौरस इंच, एकटा मोठा २५४! वर विचारते, "पण बाबा, हे सूत्र असंच का?" मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पण हा 'का' मला कधी पडलाच नव्हता. सूत्र पाठ, मार्क पूर्ण!

शोधलं, तर उत्तर आपल्याच घरात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) नियम आहे : परीघ गुणिले व्यास, भागिले चार. आणि त्याचं 'का' कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'बुद्धिविलासिनी' या टीकेत सांगितलं. वर्तुळाचे दोन अर्ध करा, प्रत्येकाचे बारीक त्रिकोणी तुकडे पाडा आणि करवतीच्या दातांसारखे एकमेकांत बसवा. जवळजवळ आयत होतो! लांबी अर्धा परीघ, उंची त्रिज्या. तुकडे जितके बारीक, तितका आयत नेमका.

त्या रात्री आम्ही पिझ्झा तसाच कापून मांडला. गार झाला, सौ. रागावली, पण लेक म्हणाली, "आता कळलं!" मंडळी, खरं सांगू? मलाही तेव्हाच कळलं.